११२ च्या गाडीवर पहिली ड्यूटी लागलीय, कॉलवर पोहोचल्यावर नेमकं करायचं काय?

नवा_आरक्षक_इंदूर

नमस्कार मंडळी. मी इंदूरचाच, लोकमान्यनगरात वाढलो, आजोबा हुकुमचंद मिलमध्ये होते, पोलिसात जाणारा घरातला मी पहिलाच. आरक्षक (म्हणजे शिपाई) म्हणून भरती झालो, ट्रेनिंग झालं, काही दिवस थान्यावर संतरी ड्यूटी केली आणि आता ११२ च्या गाडीवर लावलंय, इमर्जन्सीचा कॉल आला की धावणारी पोलिसांची गाडी. थाना कुठला ते लिहीत नाही, समजून घ्या.

ट्रेनिंगमध्ये परेड, पीटी, फायरिंग सगळं झालं, कलमंही पाठ आहेत, पण दार वाजवल्यावर तोंडातून पहिलं वाक्य काय काढायचं ते पुस्तकात नसतं. परवा रात्री नवरा-बायकोच्या भांडणाचा इव्हेंट (गाडीवर पाठवलेला कॉल) आला. दुसरा मजला, अरुंद जिना, आमचे प्रधान आरक्षक (हवालदार) खाली गाडी लावून घेत होते आणि मी घाईघाईत एकटाच वर गेलो. दार उघडंच होतं. बाई कोपऱ्यात रडत होती, माणूस माझ्याकडे बघून ओरडला, "घर का मामला है साहब, आप जाओ." आणि मी दारातच उभा राहिलो. आत जावं का नाही, कोणाशी आधी बोलावं, काहीच सुचेना. साहेब वर आले, त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला गॅलरीत घेऊन गेले आणि दोन मिनिटांत आवाज खाली आला. पण मी उभा होतो तेवढा वेळ ती बाई माझ्याकडे बघत होती. ते डोळ्यासमोरून जात नाहीये.

तर जे जुने आहेत त्यांना हात जोडून विचारतोय, पोहोचल्यावर आधी काय करायचं? आणि दुसरं, कॉल नसेल तेव्हा गस्त म्हणजे नुसती गाडी फिरवत राहायची का? रात्रभर फिरतो, सकाळी किलोमीटर लिहितो, पण काय काम केलं हे मला स्वतःला सांगता येत नाही.

जुना_बीटवाला

बाळा, सहायक उपनिरीक्षक म्हणून रिटायर झालो, सगळी नोकरी माळव्यात गेली, त्यातली जास्त वर्षं इंदुरात, आमच्या वेळी ११२ काय १०० ची गाडीसुद्धा नव्हती, सायकल होती, नंतर मोटारसायकल आली, तरी दार तेव्हाही दारच होतं म्हणून सांगतो.

पहिलं हे मनातून काढ की तू दारात थांबलास ते चुकलं. चुकलं ते एकटा वर गेलास ते. आतून मारल्याचा, जीव जात असल्याचा आवाज येत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा थांबायचं नाही. पण नुसता आरडाओरडा असेल तर जोडीदार बरोबर आल्याशिवाय जिना चढायचा नाही. दोघांत एक बोलणारा आणि एक बघणारा, हे गाडीतच ठरवून घ्यायचं. बोलणारा माणसाच्या तोंडाकडे बघतो, बघणारा हातांकडे. दोघं एकदम बोलायला लागले की समोरचाही दोघांशी भांडायला लागतो.

पोहोचण्याची सुरुवात गल्लीच्या तोंडाशी होते. हूटर तिथेच बंद. घराच्या बरोबर समोर गाडी लावायची नाही, दोन घरं आधी लाव, तोंड बाहेरच्या बाजूला करून, म्हणजे जखमीला घेऊन निघायचं झालं तर रिव्हर्स घेण्यात वेळ जात नाही. उतरलास की अर्धा मिनिट ऐक. कुत्रं कुठल्या घराकडे बघून भुंकतंय, कुठला दिवा चालू, कोण खिडकीतून मान आत घेतंय. एवढ्या अर्ध्या मिनिटात निम्मा मामला समजतो, पण उतरल्या उतरल्या जे दार बडवायला लागतात त्यांना हे कधी मिळत नाही. दार वाजवताना दारासमोर उभं राहू नये, चौकटीच्या बाजूला राहावं.

आता तुझं पहिलं वाक्य. "नमस्ते, ११२ से आए हैं, किसी को चोट तो नहीं लगी?" बस. ह्यात तू कोणाची बाजू घेतली नाहीस, कोणावर आरोप केला नाहीस आणि कामाचं विचारून घेतलंस. "किसने मारा" कधी विचारू नको, उत्तर म्हणून दोन बोटं एकमेकांकडे वळतात आणि भांडण नव्याने सुरू. आवाज खाली ठेव. तू हळू बोललास की ऐकायचं असेल तर समोरच्याला गप्प व्हावंच लागतं.

मग दोघांना वेगळं करायचं, तुमच्या साहेबांनी केलं तेच. नवरा-बायको एकमेकांना दिसता कामा नयेत पण तू आणि तुझा जोडीदार मात्र एकमेकांना दिसत राहिले पाहिजेत. आणि स्वयंपाकघरात कोणाला बोलायला बसवू नको, कोणी कितीही चहा ठेवते म्हणू दे. सुरी, लाटणं, गॅसवरचं तेल, सगळं हाताशी असतं. बाहेरच्या खोलीत बसव. बसलेला माणूस उभ्या माणसापेक्षा कमी ओरडतो. हे मी नोकरी लागल्यावर एका हवालदाराकडून शिकलो आणि शेवटच्या दिवसापर्यंत कामाला आलं.

पोरं असतील तर पोरांकडे बघ. मोठी माणसं पोलिसासमोर नीट वागतात, पोरांना ते जमत नाही. पोरगं दाराआडून बापाकडे कसं बघतं त्यावरून कळतं की हे आजचं आहे का रोजचं. जमिनीवर बांगड्यांचे तुकडे आहेत का, बाई हात पदराखाली लपवतेय का ते बघ. आणि तिला एकटीला विचार, माणूस ऐकू शकणार नाही एवढ्या अंतरावर. शक्य असेल तर महिला आरक्षक बोलावून घे, नसेल तर शेजारच्या एखाद्या बाईला तिच्याजवळ बसव.

आणि एक, राजीनामा करून मोकळं व्हायची घाई करू नको. महाराष्ट्रातले वाचत असतील तर सांगतो, इकडे थान्यात राजीनामा म्हणजे समझोता, नोकरी सोडणं नाही. बाई हो म्हणते कारण रात्र तिला त्याच घरात काढायची असते. त्याच घरातून तिसऱ्यांदा कॉल आला असेल तर तू तिसऱ्यांदा तेच समजावून परत येणं हे काम नव्हे, थान्यावर कळव, लिहून ठेव.

गस्तीचं नंतर लिहितो, डोळे दुखतात मोबाइलवर.

हेडसेट_वाली

दादा, मी कॉल घेण्याच्या बाजूची. माहेर इंदूर, नोकरी भोपाळला, त्यामुळे तुमच्या कानावर जो इव्हेंट येतो तो आधी आमच्या कानातून गेलेला असतो म्हणून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मध्य प्रदेशात डायल १०० नोव्हेंबर २०१५ मध्ये १००० गाड्यांनी सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून तिची जागा ११२ ने घेतली, १२०० गाड्या. कॉल इंदुरातून लागला तरी उचलला जातो भोपाळला. मी माहिती भरते, डिस्पॅचर नकाशावर जवळची गाडी बघून इव्हेंट पाठवतो, तुमच्या गाडीतल्या स्क्रीनवर येतो, तुम्ही तो घेतला, निघालात, पोहोचलात, काय केलंत हे सगळं तिथे चढत जातं.

लोक आमच्यावर फार चिडतात की "तुम सवाल ही पूछती रहोगी या गाडी भी भेजोगी". पण मी विचारत असते तेव्हा गाडी निघालेली असते, पाठवणारा माणूस वेगळा आहे. मी पहिला प्रश्न "कुठे" विचारते कारण फोन मध्येच कटला तर निदान जागा तरी हातात राहिली पाहिजे. आणि जागा सांगणं हेच लोकांना जमत नाही. "हनुमान मंदिर के पास" असं कोणी सांगितलं तर इंदुरात मी कुठे गाडी पाठवू? घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या घराचा नंबर आठवत नाही हे मी रोज बघते. म्हणून घरच्यांना सांगून ठेवा, फ्रिजवर किंवा दारामागे पत्ता, जवळची ठळक खूण, कॉलनीचं गेट कुठल्या बाजूला, एवढं लिहून चिकटवा. लहान पोरांना आणि म्हाताऱ्यांना फार उपयोगी पडतं.

दादा तुमच्यासाठी दोन गोष्टी. एक, इव्हेंटमध्ये "विवाद" लिहिलंय म्हणून विवादच असेल असं धरून जाऊ नका, मला जेवढं ऐकू आलं तेवढंच मी लिहिलंय. हत्यार आहे का विचारल्यावर लोक "नहीं" म्हणतात कारण त्यांना दिसलेलं नसतं. दोन, कॉल करणारा जर फक्त हो-नाही बोलत असेल तर आम्ही तसं लिहून पाठवतो. एकदा एक मुलगी मला "हां मौसी, नहीं मौसी" एवढंच बोलत राहिली, मीही तसेच प्रश्न विचारले ज्यांचं उत्तर हो किंवा नाही येईल, गाडी पोहोचली, तिला बाहेर काढलं. तो कॉल कोणी "मिसकॉल, बच्चा था" म्हणून बंद केला असता तर? म्हणून विनंती करते, रिमार्कमध्ये काही विचित्र लिहिलेलं दिसलं तर हसण्यावारी नेऊ नका. आणि दार उघडून एखाद्या माणसाने "यहां से किसी ने फोन नहीं किया" सांगितलं तर तेवढ्यावर परत फिरू नका, घरात अजून कोण आहे ते विचारा आणि प्रत्येकाला डोळ्यांनी बघा.

जेलरोड_वकील

मी वकिली करते, "घर का मामला" हे शब्द कोर्टात रोज ऐकते म्हणून राहवलं नाही.

भाऊ, कायद्यात घर का मामला नावाचं काही नाही. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे तिचं कलम १६८ बघ, दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस थेट कारवाई करू शकतात) होऊ नये म्हणून पोलिसाने मध्ये पडावं आणि आपल्या परीने तो रोखावाच, अशी सरळ जबाबदारी घातलीय. त्यामुळे आत मारहाण चालू असताना दारात उभं राहून "जाऊ का नको" हा प्रश्न उरत नाही. आणि घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याचं कलम ५ म्हणतं की अशी माहिती मिळाली की पोलिसाने त्या बाईला तिचे हक्क सांगायचे, संरक्षणाचा आदेश मागता येतो, संरक्षण अधिकारी असतो, मोफत वकील मिळतो, फौजदारी तक्रारही करता येते. हे तिला सांगणं तुझं काम आहे, तिने विचारायची वाट बघायची नाही. थान्यातल्या ऊर्जा डेस्कबद्दलही, म्हणजे महिलांच्या मदत कक्षाबद्दलही सांग.

साधी मारहाण अदखलपात्र असते, त्याचा इथे अदम चेक (अदखलपात्र तक्रारीची नोंद) कटतो आणि पुढे काही होत नाही असा लोकांचा अनुभव आहे. पण नवऱ्याकडून छळ, हुंडा, हत्याराने मारणं, गंभीर दुखापत हे दखलपात्र आहे, त्याला अदम चेकमध्ये ढकलू नये. दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही थान्याला घ्यावीच लागते, हद्द आमची नाही सांगता येत नाही, कलम १७३. मोबाइलवरून, ईमेलवरून दिली तरी चालते, तीन दिवसांत येऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते. लोकांना हे माहीत नसतं आणि तुम्हीच त्यांच्यासमोर उभे असता.

अजून थोडं. झडती किंवा जप्ती केली तर व्हिडिओ काढायचा, कलम १०५. बायकांना, ६० च्या वरच्यांना, १५ च्या आतल्या मुलांना जबाबासाठी थान्यावर बोलवायचं नाही, आपण घरी जायचं. रस्त्यावर मनोरुग्ण भटकत असेल तर त्याला लॉकअपमध्ये टाकता येत नाही, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याला दवाखान्यात न्यायचं असतं. आणि कोणी जीव द्यायचा प्रयत्न केला तर त्याच कायद्याचं कलम ११५ सांगतं की तो माणूस प्रचंड तणावाखाली होता असंच धरायचं. फासावरून उतरवलेल्या पोराला "केस बनेगी तुझ पर" म्हणून दम देणारे मी पाहिलेत. असं कधी करू नको.

स्नेहलतागंज_काका

माफ करा, सगळे छान लिहितायत पण मी दुसऱ्या बाजूचा अनुभव सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या समोरच्या घरी चोरी झाली, लोक गावाला गेलेले, पहाटे कुलूप तुटलेलं मीच पाहिलं आणि फोन केला. गाडी आली वीस मिनिटांत, ह्याबद्दल तक्रार नाही. पण काच खाली झाली, आतूनच विचारलं, "कितने का गया?" मी म्हटलं मला काय माहीत, मालक बाहेरगावी आहेत. तर म्हणे "मालिक आए तो थाने भेज देना" आणि काच वर करून गेले. एक माणूस गाडीतून उतरला नाही. मग दिवसभर अख्खी गल्ली त्या घरात ये-जा करत होती, कोणी कपाटाला हात लावला, कोणी कुलूप उचलून बघितलं. संध्याकाळी बोटांचे ठसे घ्यायला आले तेव्हा काय राहिलं असणार?

मी ७१ वर्षांचा आहे. मला चोर पकडून द्या असं म्हणणं नव्हतं. पण उतरायला हवं होतं. दार लोटून घ्या आणि कोणाला आत जाऊ देऊ नका एवढं जरी सांगितलं असतं तरी मी स्वतः खुर्ची टाकून बसलो असतो.

नवा_आरक्षक_इंदूर

काका, खरंच वाईट वाटलं वाचून. उतरायचं हे लक्षात ठेवीन. बीटवाले काका, अशा चोरीच्या ठिकाणी पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं तेही सांगा ना.

जुना_बीटवाला

स्नेहलतागंजवाले भाऊ म्हणतात ते अक्षरशः खरं आहे आणि खात्यात राहून मलाही त्याची लाज वाटत आली.

चोरीच्या घरी पहिलं, चोर अजून आत तर नाही ना हे बघायचं. म्हणून एक पुढून एक मागून. नाही म्हणून खात्री झाली की ज्या रस्त्याने आत गेलास त्याच रस्त्याने पाय टाकत बाहेर ये. काही उचलायचं नाही, पंखा-दिवा लावायचा नाही, तिथलं पाणी प्यायचं नाही. बाहेर दोरी बांध, दोरी नसेल तर कोणाची ओढणी, दोन खुर्च्या, काहीही. मोबाइलवर फोटो काढ, आधी लांबून मग जवळून. कुलूप जिथे पडलंय तिथेच राहू दे. मग शेजाऱ्यांना विचार शेवटचं घर बंद कोणी पाहिलं, किती वाजता. कोणाच्या कॅमेऱ्यात गल्ली येते ते लगेच बघ, रेकॉर्डिंग पुसलं जाण्याआधी सांगून ठेव. आणि वेळ लिही, घड्याळ बघून लिही, अंदाजे नाही. खिशातल्या डायरीत कॉल किती वाजता, पोहोचलो किती वाजता, कोण भेटलं, काय दिसलं. रोजनामच्यात, म्हणजे थान्याच्या रोजच्या नोंदवहीत, रवानगी-वापसी असतेच पण चार वर्षांनी कोर्टात उभा राहशील तेव्हा तुझी ही छोटी डायरी तुला आठवण करून देईल.

पण हे सगळं जखमी कोणी नसेल तर. रक्त वाहत असेल तर पुरावा गेला तरी चालेल, आधी माणूस. बायपासवर रात्री अपघात झाला तर आपली गाडी अपघाताच्या मागे लाव, दिवे चालू ठेवून, म्हणजे मागून येणारा ट्रक आधी तुझे दिवे बघेल. १०८ ला सांग, उशीर होत असेल तर आपल्याच गाडीत घाल आणि जवळच्या मोठ्या दवाखान्यात ने, एमवाय (इंदूरचं मोठं सरकारी हॉस्पिटल) लांब पडत असेल तर प्रायव्हेटमध्ये ने. २०२५ पासून अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचा कॅशलेस इलाज मिळतो, काउंटरवर पैसे मागितले तर हे सांगायला तूच तिथे असतोस. आणि मदत करणाऱ्या लोकांना नाव-गावासाठी अडवू नको. मोटार वाहन कायद्यात १३४अ कलम घातलंय त्यांच्यासाठी. अडवलंस तर पुढच्या वेळी तो माणूस गाडी थांबवणार नाही.

आता गस्त. गाडी चालू असताना तुला फक्त रस्ता दिसतो बाळा, मोहल्ला दिसत नाही. म्हणून थांब आणि उतर. बाजारात शटरची कुलपं हाताने ओढून बघ, नुसता टॉर्च मारून नाही, कापून परत लटकवलेलं कुलूप लांबून शाबूतच दिसतं. चौकीदाराशी दोन मिनिटं बोल. पहाटे चारला दूधवाले, पेपर लावणारी पोरं निघतात, त्यांना रस्त्यावरचं सगळं माहीत असतं, कोणती गाडी तीन दिवस एकाच जागी उभी आहे, कुठल्या रिकाम्या प्लॉटवर नवीन पोरं बसायला लागलीत. रोज तोच रस्ता त्याच वेळी करू नको, चोरही घड्याळ बघतो. तुझ्या हद्दीत निगरानी बदमाश (पोलिसांच्या नजरेखालचा गुन्हेगार) कोण, जिलाबदर म्हणजे तडीपार केलेला कोण गुपचूप घरी येऊन झोपतो, हे थान्यात विचारून घे. आणि एकटे राहणारे म्हातारे कोण आहेत त्यांची यादी बनव, मुलं पुण्याला-बंगलोरला, इथे दोघं नाहीतर एकटी आजी. सुदामानगर, रामबाग, टिळकनगर, आपल्या मराठी घरांत तर हे फारच झालंय.

समाजशास्त्रवाली

काकांचं वाचून मला आमचा पेपर आठवला म्हणून मध्येच लिहितेय. अमेरिकेत कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये पोलिसांनी एक प्रयोग केला होता, १५ बीट (गस्तीचे भाग) घेतले, पाचांत नेहमीसारखी गस्त ठेवली, पाचांत दोन-तीन पट वाढवली आणि उरलेल्या पाचांत गस्त बंदच केली, फक्त कॉल आला तरच गाडी जायची. वर्षभराने बघितलं तर तिन्हीकडे गुन्ह्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता आणि लोकांना तर गस्त कमी-जास्त झाली हे कळलंही नव्हतं. म्हणजे नुसती गाडी फिरवून काही होत नाही हे तेव्हाच दिसलं. नंतर मिनियापोलिसमध्ये असं लक्षात आलं की शहरातले निम्मे कॉल जेमतेम तीन टक्के पत्त्यांवरून येतात. मग तिथेच जास्त वेळ दिला तर फरक पडला, आणि अशा जागी दहा-पंधरा मिनिटं थांबून निघून गेलं तर त्याचा परिणाम पोलीस गेल्यावरही काही वेळ टिकतो, असं निघालं.

आपल्याकडे सराफ्याचं उदाहरण बघा ना. रात्री सोन्याची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याची दुकानं लागतात, दोन-दोन वाजेपर्यंत माणसं असतात. जुने लोक सांगतात की सराफांना ते हवंच होतं, रात्री रस्ता जागा राहतो. दादा, तुमच्या गाडीतच महिन्याभराचे इव्हेंट असतील, कुठल्या पत्त्यांवरून पुन्हा पुन्हा येतात ते एकदा वहीत मांडून बघा.

जुना_बीटवाला

पोरी, हे कॅन्ससचं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं पण तीन टक्के पत्ते बरोबर आहे. माझ्या बीटमध्ये एक देशी दारूचं दुकान, एक वळण आणि चार घरं, एवढ्यातच अर्धी नोकरी गेली. आता एप्रिल २०२३ पासून आहाते (दारूच्या दुकानाला लागून बसून प्यायच्या जागा) बंद झालेत त्यामुळे पिणारे गाडीत आणि बगिच्यात बसतात, म्हणजे जागा बदलल्या असतील, नव्याने शोधाव्या लागतील.

नवा_आरक्षक_इंदूर

सगळ्यांना नमस्कार, अकरा दिवसांनी लिहितोय, मध्ये बंदोबस्तात होतो.

वही केली. आमच्या पॉइंटवर गेल्या महिन्यात जेवढे इव्हेंट आले त्यातले नऊ एकाच बिल्डिंगचे निघाले आणि सहा एका मॅरेज गार्डनचे, रात्री दहानंतरचा डीजे. प्रधान आरक्षक साहेबांना दाखवलं तर ते म्हणाले गार्डनवाल्याकडे लग्नाच्या दिवशी संध्याकाळी सातलाच जाऊन येऊ, बाराला जाऊन वऱ्हाडाशी भांडण्यापेक्षा. गेलो. मॅनेजरला सांगितलं की दहा ते सहा लाऊडस्पीकर चालत नाही, २००० चा नियम आहे, दहाला बंद करा म्हणजे आम्हाला यायची गरज नाही. दोन लग्नं झाली, एकही कॉल नाही आला.

दुसरं सांगायचंय ते असं. परवा रात्री पावणेदोनला कॉल, एकटी आजी, कोणीतरी दार वाजवतंय. हूटर कोपऱ्यावर बंद केला, दोन घरं आधी गाडी लावली, उतरून ऐकलं. जिन्यावर कोणीतरी पुटपुटत होतं. दोघं बरोबर चढलो. वरच्या मजल्यावरचा मुलगा पिऊन आला होता आणि जिन्यातला बल्ब गेल्यामुळे मजला चुकून आजींच्या दाराला चावी लावत बसला होता. त्याला वर पोचवला, त्याच्या वडिलांना उठवून ताब्यात दिला. मग आजींचं दार वाजवलं. बाजूला उभा राहिलो आणि बोललो, "नमस्ते, ११२ से आए हैं." आतून काहीच नाही. त्या साखळी काढायला तयार नव्हत्या. मग दारावरची पाटी दिसली, मराठी आडनाव. म्हटलं, "आजी, पोलीस आहोत, तो गेला, वरचाच मुलगा होता, तुम्ही बऱ्या आहात ना?" तेव्हा साखळी निघाली. हात थरथरत होते त्यांचे. आम्ही दहा मिनिटं बसलो, साहेबांनी गाडीतला बल्ब आणून जिन्यात लावला. मुलगा बंगलोरला आहे, त्याचा नंबर त्या फ्रिजवर चिकटवणार आहेत, पत्ता मीच मोठ्या अक्षरात लिहून दिला. नाव यादीत घेतलं. आज दिवसा जाऊन आलो, दाराला भिंग लावून घेतलंय त्यांनी.

पहिल्या पोस्टमधल्या बाईंकडेही जाऊन आलो, महिला आरक्षक मॅडमबरोबर, नवरा कामावर असताना. वकील ताईंनी लिहिलेलं मॅडमनी सगळं सांगितलं. त्यांनी अजून काही ठरवलं नाहीये. मॅडमचा नंबर ठेवून घेतला.

बीटवाले काका, एक विचारायचं राहिलं. टॉर्च कुठली घेऊ? दिलेली आहे तिचा उजेड फार कमी पडतो, त्या जिन्यात काहीच दिसत नव्हतं.

जुना_बीटवाला

चार्जिंगची घे, बोटभर लांब नको, मुठीत धरून वर-खाली टोकं निघतील एवढी. पट्टा असलेली. डाव्या हातात धरायची सवय कर, उजवा मोकळा राहिला पाहिजे. आणि अंगापासून लांब धर, जिन्यात वर कोणी असेल तर तो काही फेकलं तरी उजेडाकडे फेकतो. दार उघडलं की मात्र लगेच खाली जमिनीकडे कर, आजीच्या तोंडावर मारू नको.

बल्ब लावलात ते फार बरं केलंत.